एक माप मोठे हातमोजे

मंडळातल्या बायांनो, आपल्या वहीत पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर हसू नका, मन लय भरलंय.

आमचे हे मोटरसायकलवर ओझरच्या कारखान्यात जातात, अन् रविवारी मैदानावर त्याच गाडीची रेस लावतात. त्यांच्यासाठी चामड्याचे हातमोजे मीच आणले. दुकानदार म्हणाला, "ताई, हाताला घट्ट बसणारे घ्या." मी म्हटलं, "नको, एक माप मोठेच द्या." लेकराचा फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतो ना, तीच खोड!

ह्यांनी घालून बघितले. "अगं, माझे हात काय अजून वाढणारेत?" दोघंही हसलो.

आज रेसमध्ये गाडी घसरली. ह्यांनी हात टेकला, तसा उजवा मोजा निघून लांब पडला. तळहाताची अन् बोटांची सालटी गेली. लेकरू कडेवर घेऊन मी तशीच मैदानात धावले. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली, पण महिनाभर कारखान्यातल्या मशीनला हात लावायचा नाय.

मघाशी ह्यांना घास भरवत होते, तर म्हणाले, "मीठ कमी पडलंय." मोज्यांचं नावसुद्धा काढलं नाय. मला रडूच फुटलं.

दुकानदारानं बजावलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलं नाय. तुम्ही माझ्या जागी असतात तर सांगितलं असतं का?