आजीला लस देता येत नाही

मित्रांनो, परदेशात, कंपालाला जायच्या दोन विमानतिकिटांची खरी किंमत सांगतो: यंदाच्या मिरचीचा सगळा नफा, आणि विकायला गोधड्या शिवून शिवून सुजलेली हिची बोटं. लेकाकडे जायचं, आठ महिन्यांची नात पहिल्यांदा मांडीवर घ्यायची.

तिकडे जायला पिवळ्या तापाची लस लागते. म्हणून आज नंदुरबारहून दोघांनी मुंबई गाठली. मला लस टोचली. हिच्या सांधेवाताच्या गोळ्या पाहून डॉक्टर म्हणाले, "यांना देता येणार नाही, जिवाला धोका आहे. आणि लस घेतल्याशिवाय तिकडे जाऊही नका."

मिरचीच्या बाजारात मी बोलून कुणालाही राजी करतो. म्हटलं, "साहेब, मग अर्धी तरी द्या!"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर बाकावर हिने नातीसाठी शिवत आणलेली गोधडी घडी करून माझ्या पिशवीत ठेवली. "तुम्ही जा. पोरले मांडीवर ल्या, तिले मन्ही याद सांगा. आनि तठे तरी कोनसंगे भाव करू नका."

आता परतीच्या गाडीत आहोत. ही खिडकीकडे तोंड करून बसली आहे. कुणाला काही मार्ग माहीत असेल तर सांगा, हात जोडतो.

फोनवर नात आजीला पाहून हसते. मला पाहिलं की रडते.