आईच्या स्कॅनमधल्या दोन वाट्या

आधीच सांगते, मी पत्रिका बघत नाही, नवस बोलत नाही, आणि कोणी भुताखेतांचं काढलं की सरळ भांडी घासायला उठते. सिंगापूरच्या एका हॉस्पिटलात मी बोन स्कॅनच्या कॅमेऱ्यावर काम करते. दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि पुंगोलला घरी येऊन कुकर लावायचा... नवल वाटायला अंगात जीव उरतो कुठे?

२०१४ची गोष्ट. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली होती. तिचा ब्रेस्ट कॅन्सर बरा होऊन काही वर्षं झाली होती, पण आता पाठ दुखायला लागली. कॅन्सर हाडांत उतरला की काय, ही एकच धास्ती. म्हणून स्कॅन. घरच्या माणसाचा आपण करायचा नाही, म्हणून माझ्या सहकारिणीने, सू लिंगने केला. मी स्क्रीनपाशी बसले.

पाठ स्वच्छ निघाली. पण स्कॅनमध्ये काळ्या उमटलेल्या छातीच्या मधल्या हाडावर दोन पांढरे गोल — शेजारी शेजारी, एक मोठा, एक लहान. हाड पोखरलं गेलं तरी असंच दिसतं. मी फोटो मोठा करून पाहिला.

सू लिंग तिच्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागली. "युअर मदर नेव्हर रिमूव्ह नेकलेस, लाह." अंगावर धातू राहिला की असे डाग येतात, हे खरं. मी आत जाऊन पाहिलं. आईचा गळा मोकळा होता.

तिला उठवून बसवलं, परत झोपवलं, परत फोटो घेतला. गोल होतेच, पण जरा डावीकडे सरकलेले. हाडातलं भोक सरकत नाही, गळ्यातलं सरकतं. पाठीकडून घेतलेल्या फोटोत तर काहीच नव्हतं; छातीवर ठेवलेली वस्तू तिथून दिसत नाही. डॉक्टरांनी 'नेकलेस' असं लिहून रिपोर्ट नॉर्मल दिला.

मी मात्र ते गोल ओळखले होते. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या... सासरची मोठी, माहेरची लहान, आजोबांना तेवढीच झेपली होती. ते मंगळसूत्र बाबांच्या छातीवर ठेवलं होतं, त्यांच्याबरोबरच चितेवर गेलं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

कॅमेरा बिघडला म्हणावं, तर त्या दिवशीचे बाकीचे सगळे स्कॅन व्यवस्थित होते. मला आजही यातलं काही कळलेलं नाही, आणि खरं सांगू, शोधत बसायचं त्राणही नाही.

MRTने, म्हणजे मेट्रोने परतताना आईला सांगितलं, हाडांत काही नाही. मग राहवेना, तेही सांगून टाकलं — "आई, तुझं मंगळसूत्र दिसलं गं स्कॅनमध्ये."

ती दचकलीसुद्धा नाही. डोळे मिटूनच म्हणाली, "दिसणारच. तुझे बाबा गेले तेव्हा बायकांनी काढलं ते. मी कुठे काढलं होतं?"