राहिलेलं पारायण

दत्तगुरूंच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण मी आजवर अकरा वेळा केलं. बारावं अर्धवट राहिलं. पाचव्या दिवशी, भर दुपारी, अध्याय मध्येच सोडून मी आसनावरून उठलो आणि परत जाऊन बसलो नाही. पारायण असं मोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसांना वेगळं सांगायला नको. मी तर पुण्यातल्या कडक सोवळ्यातल्या घरात वाढलेला. तरीही त्या दिवसाविषयी लिहावंसं वाटतं, कारण गुरुकृपा म्हणतात ती मला त्याच दिवशी भेटली, आणि मी तिच्यावर चिडून धावून गेलो होतो.

त्याआधी दोन महिने माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून तिला इथे परदेशातल्या आमच्या वेस्ट विंडसरच्या घरी आणलं तेव्हा गिळायला काही अडचण नाही, मऊ अन्न चालेल, असं इस्पितळातल्या थेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं होतं. पण ती जेवेना. मी वरण-भात मिक्सरमधून काढून भरवायचो. दोन चमचे घ्यायची, माझ्याकडे बघत राहायची आणि मान फिरवायची. अंगावरचं मांस उतरायला लागलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या गुरुवारी वजन करू, आणखी उतरलं असेल तर पोटातून नळी घालावी लागेल. एकदा नळी आली की ही परत ताटावर बसणार नाही, अशी भीती माझ्या मनात घर करून बसली.

मी निवृत्त इंजिनियर. हट्टी म्हणून प्रसिद्ध, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. मराठी मंडळातल्या काकू डबे घेऊन दारात यायच्या आणि मी 'थँक यू, आम्ही मॅनेज करतोय' म्हणून त्यांना परत पाठवायचो. दूर बेलव्ह्यूला राहणारी मुलगी फोनवर रडायची. "बाबा, तुम्ही एकटे किती करणार? मी एजन्सीकडून हेल्प अरेंज केलीये. प्लीज, या वेळी कॅन्सल करू नका." तिच्यासाठी मी ते सोसलं. पण त्याच आठवड्यात मी पारायण मांडलं होतं, तेव्हा अटी माझ्या. स्वयंपाकघराच्या दारावर इंग्रजीत कागद चिकटवला की कृपया आत येऊ नये. एजन्सीच्या बाईंनी पत्नीजवळ बसायचं, मी अकराला पोथीपुढे बसणार, माझं जेवण एकदाच, तेही सूर्य मावळल्यावर. पुण्य कमी पडू नये म्हणून परसातल्या पक्ष्यांनाही रोज दाणे घालायचो. फडताळात पत्नीने कधीतरी आणलेली अख्ख्या ज्वारीची पिशवी पडून होती, तीच टांगलेल्या भांड्यात ओतत होतो.

खरं सांगायचं तर वाचताना माझं मन पोथीत नव्हतं. मी देवाशी सौदा करत होतो. मी इतकं करतोय, तू एवढं कर. आणि तो काही करत नव्हता.

पाचव्या दिवशी नेहमीच्या बाईंना सुट्टी होती म्हणून एजन्सीने दुसरी पाठवली. रोझलीन तिचं नाव. पन्नाशीची, उंच, डोक्याला निळा रुमाल, चालणं शांत. आली तीच मला 'पापा' आणि पत्नीला 'मम्मा' म्हणू लागली. मूळची हैती देशातली, डोंगरावरच्या एका शेतकरी वस्तीत वाढलेली. पत्नीच्या वाडगाभर वरण-भातातले दोनच चमचे संपले होते. तिने वाडग्याकडे पाहिलं, मग खिडकीतून पक्ष्यांच्या भांड्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "पापा, ते धान्य तुम्ही पक्ष्यांना घालता?" मी म्हटलं हो, आणि घाईने देवघरात जाऊन बसलो.

बाराचा सुमार असेल. मी वाचत होतो आणि घरात कुठेतरी धप्प, धप्प असा आवाज सुरू झाला. एका लयीत. मध्ये थोडा थांबायचा, सूप झटकल्यासारखी सळसळ व्हायची, पुन्हा धप्प. तो स्वयंपाकघरातून येत होता. माझा कागद, माझं सोवळं! रागाच्या भरात मी उठलो. दत्तगुरू माध्यान्हीला भिक्षेला येतात, कोणत्या वेषात येतील ते सांगता येत नाही, त्या वेळी दारच्या माणसाला दुखवू नये, असं माझी आई सांगायची. तेव्हा यातलं काहीही मला आठवलं नाही.

दारात गेलो तर रोझलीन खाली टॉवेल अंथरून आमच्या लोखंडी खलबत्त्यात ज्वारी कांडत होती. मग ताटात घेऊन मनगटाच्या एका झटक्याने कोंडा पाखडत होती, पुटपुटल्यासारखं काही गात होती. तिने पत्नीची चाकाची खुर्चीही कागद ओलांडून आत आणली होती. आणि माझी पत्नी, जी दोन महिने भिंतीकडे बघत होती, ती त्या बत्त्याकडे बघत होती. तिचा चांगला असलेला डावा हात खुर्चीच्या दांड्यावर हळूहळू आपटत होता, त्याच लयीत.

मी पोथीकडे परत न जाता आत गेलो.

पत्नी मंगळवेढ्याकडची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन आली आणि माझ्या घरच्या वरण-भाताला लागली. ज्वारीच्या कण्या, उखळाशी समोरासमोर उभ्या राहून कांडणाऱ्या बाया, असं काहीबाही ती सुरुवातीला सांगायची. मी पेपर वाचता वाचता 'हं' म्हणायचो.

कण्या आणि तुरीची डाळ एकत्र रटरट शिजत होती तेव्हा रोझलीन तिच्या गावचं सांगत होती. ज्वारी आणि तूर हेच त्यांचंही अन्न. पाणी डोंगराखालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणायचं. कुणाचं शेत खणायचं असलं की पहाटे शंख वाजायचा आणि अख्खी वस्ती कुदळी घेऊन यायची, ढोलावर गाणं म्हणत काम व्हायचं, आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालायचा. मी म्हटलं, आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात. हा शब्दही मला पत्नीकडूनच मिळालेला.

तिने तो कण्यांचा घाटा चांगला मऊ घोटला, निववला, आणि एकाऐवजी दोन वाडगे भरले. एक माझ्यापुढे ठेवला. "आधी तुम्ही खा, पापा. तिच्यासमोर."

मी म्हटलं, माझा उपवास आहे, तिच्यासाठीच आहे.

रोझलीनने वाडगा माझ्या आणखी जवळ सरकवला. मग म्हणाली, "माझी आजी आजारी पडली तेव्हा अशीच जेवत नसे. मी सात-आठ वर्षांची होते. आई तिला भरवायची आणि आम्ही मुलं बाजूला उपाशी उभी. आजीला वाटायचं, मी खाल्लं तर पोरांना उरणार नाही. मग शेजारणीने आईला सांगितलं, अगं, आधी तुम्ही सगळे तिच्यासमोर जेवा. भांड्यात पुरेसं आहे हे तिला दिसू दे." मग पत्नीकडे हात करून ती म्हणाली, "मम्मा चमच्याकडे बघतच नाही. ती तुमच्या तोंडाकडे बघते."

दोन महिने मी तिला आधी भरवत होतो आणि नंतर सिंकपाशी उभ्याने चार घास ढकलत होतो. या आठवड्यात तर तेही दिवसा नाही. माझी पत्नी दुष्काळात वाढलेली. तिची आई 'माझं झालंय गं जेवण' म्हणत मुलींपुढे भाकरी सारायची, ही गोष्ट तिने मला सांगितलेली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं पान वाढल्याशिवाय तिने कधी घास घेतला नव्हता. बोलता येत नव्हतं म्हणून ती मान फिरवून तेच सांगत होती, आणि मी तिच्यासाठी देवाकडे उपाशी राहून हट्ट करत होतो.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि पहिला घास घेतला. मीठ कमी होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी खात होतो. तिसऱ्या घासाला तिने तोंड उघडलं. रोझलीनने तिची हनुवटी हलकेच धरली, घोट खाली उतरल्याची खात्री करून पुढचा चमचा दिला. वाडगा रिकामा व्हायला पाऊण तास लागला. मग रोझलीनने उरलेलं स्वतःला वाढून घेतलं आणि हसून म्हणाली, "आमच्याकडे म्हणतात, शिजलेल्या अन्नाला मालक नसतो." दारावरचा कागद मी त्याच संध्याकाळी काढला.

गुरुवारी वजन उतरलं नव्हतं. थोडंसं वाढलंच होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस बघू. मग आणखी पंधरा. नळीचा विषय मागे पडला. काकूंचे डबे मी आता हात जोडून घेतो, आणि दुपारी कुणी आलं तर त्यांनाही आमच्या टेबलाशी बसवतो. एजन्सीला सांगून मी रोझलीनलाच मागून घेतलं, ती सहा आठवडे आली. नंतर तिला पिस्कॅटवे गावातल्या एका आजोबांकडे काम मिळालं. जाताना मी तिच्या पाया पडायला वाकलो तर ती घाबरून मागे सरली. "पापा, मी फक्त जेवण बनवलं!" म्हणाली. ते दत्तगुरू होते का, असं मला पुष्कळांनी विचारलं. मला माहीत नाही. मी दारावर 'आत येऊ नये' असं लिहिलं होतं आणि तरी कुणीतरी आत आलं, एवढंच मला माहीत आहे. त्याबद्दल माझी कृतज्ञता शब्दांत मावत नाही.

या दत्तजयंतीला मात्र मनाला टोचणी लागली. राहिलेलं पारायण पुरं करावं म्हणून अकराला पोथीपुढे बसलो. खूण जिथे होती तिथूनच सुरुवात केली. वाचण्यात रमलो आणि बारा कधी वाजले कळलं नाही. टेबलाशी पत्नी बसली होती, समोर दोन वाडगे. डाव्या हाताने तिने चमचा टेबलावर आपटला. मी पान संपवून उठावं म्हणून भराभर वाचू लागलो. तेव्हा मागून आवाज आला. जड, अडखळता, झटक्यानंतरचा तिचा पहिला शब्द.

"जेवा."

मी पोथी मिटली, दत्तगुरूंना नमस्कार केला आणि जेवायला गेलो.