शेवटच्या दृश्यातला दिवा

मुलांनो, तुम्हा दोघांना हे फोनवर सांगवलं नाही, म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात मी मोतीबिंदूच्या तपासणीसाठी रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. मांडीवरच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याच्या कडा ते बोटांनी सारख्या जुळवत होते.

"काकू, इंग्रजी वाचता ना? डोळ्यांत औषध घातलंय. एवढं वाचून दाखवाल?"

ते कॉलेजात साहित्य आणि सिनेमा शिकवत. प्रश्न एका चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यावर होता. मी वाचायचे, ते गुण सांगायचे, मी लाल पेनाने मांडायचे. पहिल्या सातही जणांनी एकच लिहिलं होतं: खोलीत मिट्ट अंधार होतो, म्हणजे आईची आशा संपते.

आठव्या उत्तरपत्रिकेत मात्र एका मुलीने लिहिलं होतं, "सर अंधार म्हणतात. पण कोनाड्यात दिवा जळतोय. आई तो विझवत नाही."

त्यांची बोटं थांबली. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"दोन वर्षं अंधारच शिकवतोय मी," ते हळू म्हणाले. "वर्गात एकही पोर बोललं नाही हो."

डोळ्यांतलं औषध तर त्याच सकाळचं होतं, आणि दिवा त्यांना दोन वर्षं दिसला नव्हता.

"हिला पैकीच्या पैकी द्या."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांचे राहू देत. त्यांनी माझंच उत्तर लिहिलंय. आणि काकू, कॉलेजात अजून कुणाला ठाऊक नाही."

आतून त्यांना बोलावलं. भिंत चाचपत ते उठले. "आता डॉक्टर वेगळं काय सांगणार?"

गठ्ठा ते माझ्याकडे देऊन गेले. ते बाहेर येईपर्यंत मी त्याच्या कडा जुळवत बसले.