चार सूर खाली

कोळवणला आमच्या विहारात बायकांचं समूहगान बसवायला पेटीवाले काका असायचे. वडिलांचे चुलतभाऊ. गावात पेटी येणारा एकच माणूस, आणि त्याचा त्यांना भारी माज. गाणं कोणतंही असो, पट्टी काळी तीन, कारण त्यांची बोटं तिथेच बसलेली. अंतऱ्यात वर जाताना बायकांचे गळे चिरायचे. आई एकदा म्हणाली, "भावजी, जरा खाली घ्या की."

सगळ्यांसमोर ते म्हणाले, "गळा न्हाई तर घरी भाकऱ्या थापा."

आई गप्प बसली. मी बसले नाही.

हिंजवडीहून कामावरून आले की लॅपटॉपवर स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर उघडायचे. शाळेत कीबोर्ड शिकले होते, तेवढ्या बळावर पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांवर एकेक सूर मांडला. आईला दम घ्यायला कुठे दोन मात्रा लागतात ते मोजलं आणि तेवढी जागा मोकळी सोडली. मग अख्खं गाणं निवडून एका झटक्यात चार सूर खाली उतरवलं. तेव्हा जो आनंद झाला तो बायकांसाठी नव्हता. आता या माणसाला कोणी विचारणार नाही, याचा होता.

तालमीला लॅपटॉपला स्पीकर जोडून ते वाजवलं. आवाज कोरडा होता, पेटीचा भरीवपणा तर नाहीच. पण बायका पहिल्यांदाच न ताणता वर गेल्या. काका दारात येऊन उभे राहिले.

"ह्ये काय लावलंय?"

"साथ."

"मग म्या काय करू?"

"ऐका," मी म्हणाले.

ते पेटी उचलून चालते झाले. घरी येताना आईने मला झापलं. "खाली घ्या म्हनायचं हुतं. हाकलायचं न्हवतं."

"तुझ्यासाठीच केलं ना?"

"व्हय?" एवढंच म्हणाली.

बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात दुसरं कडवं सुरू होणार, तेवढ्यात काका मंचाच्या बाजूने आले आणि त्यांनी स्पीकरची वायर उपटली. बायका थबकल्या. पुढच्या रांगेत कोणी तरी हसलं. मी धावत जाऊन वायर धरली.

"सोडा!"

"तुझ्या यंत्राला सांग सोडवाया!"

दोघंही ओढत होतो, आणि मागे आईने एकटीने कडवं उचललं. खालच्याच पट्टीत, टाळी देत. एकेक करून सगळ्या मिळाल्या. गाणं साथीशिवाय पूर्ण झालं. कोणी आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर आईने तालमीला आम्हा दोघांनाही बोलावलं नाही. बायका नुसत्या टाळीवर गातात. मला त्याचा राग येतो, तिचाही.

पौडला जाणाऱ्या जीपमध्ये कधी काका समोर येऊन बसतात. ते बाहेर बघतात, मी मोबाइलमध्ये. त्यांनी माफी मागितलेली नाही. मीही नाही, आणि मागावी असं अजून वाटत नाही.