मैदानात पाचच होते

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. पुढे लिहिताना मी स्वतःची बाजू घेऊ लागेन, तेव्हा हे वाक्य वर असलेलं बरं.

माझ्या हाताखाली तयार झालेला एक कबड्डीपटू. चढाई करणारा. पुढे व्यावसायिक लीगमध्ये काही हंगाम खेळला, टीव्हीवर दिसला. पंचवटीत भाजीबाजाराकडे जाणाऱ्या गल्लीतून तो चालला की लोक आजही ओळखतात. पण ज्या एका गोष्टीसाठी ओळखतात, ती चूक त्याची नव्हती. माझी होती.

मी शाळेत खेळाचा शिक्षक. पंचवटीतल्या क्रीडा मंडळाच्या संघालाही शिकवायचो. त्या वर्षी पिंपळगाव बसवंतला स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आम्ही पोहोचलो होतो. राज्याच्या संघासाठी निवड करणारी मंडळी समोर खुर्च्या टाकून बसली होती. शेवटची चढाई आमची आणि आम्ही एका गुणाने मागे. एक गुण मिळाला की बरोबरी, मग जादा वेळ.

कबड्डीत बोनस नावाचा एक गुण असतो. समोरच्यांच्या मैदानात आत एक रेषा असते. कुणालाही न शिवताही, नुसती ती रेषा ओलांडून सुखरूप परत आलं की गुण मिळतो. अट एकच: समोर किमान सहा खेळाडू असले पाहिजेत. पाच किंवा कमी असतील तर रेषा ओलांडा नाहीतर नाचा, काही मिळत नाही.

त्याआधी त्यांची चढाई होती आणि तिच्यात आम्ही त्यांचा गडी पकडला होता. तो बाद झाला होता, पण बाहेर जाऊन बसेना. हात मध्यरेषेला लागला होता, म्हणजे मी बाद नाही, असं म्हणत शेवटच्या रेषेजवळ पंचाशी हुज्जत घालत उभा होता. मी बाजूने मोजलं. सहा. त्या भांडणाऱ्यालाही मी मोजला होता.

"बोनस घे! बोनस!" मी ओरडलो.

माझ्या ओरडण्याने नेहमी फरक पडायचा. चढाई करणाऱ्याला समोरचे हात आणि पाय सांभाळायचे असतात. त्याचे डोळे बाहेरचा माणूस असतो, हे मीच त्याला शिकवलं होतं. डाव्या कोपऱ्यावरचा गडी पुढे झुकला होता, हाताच्या अंतरावर. एरवी आमचा गडी त्याला सहज शिवून आला असता. हात लावायचा तर तो इतका हलका की ज्याला लागला त्यालाही पंचाची शिट्टी ऐकून कळायचं. तो थबकला. एक क्षणभरच. मग वळला, पाय लांब टाकून रेषा ओलांडली, दुसरा पाय हवेत धरला आणि वाऱ्यासारखा परत आला. मध्यरेषेवर आला तेव्हा त्याचा हात वर होता.

पंचाने दोन्ही हात आडवे हलवले. गुण नाही.

मैदानभर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "अरे, पाच हायेत पाच! पहिलीत जा परत!" निवड समितीतल्या एकाने पेनाला टोपण लावलं, ते मला अजून दिसतं.

परतताना टेम्पोत आमच्या व्यवस्थापकाने त्याला धारेवर धरलं. "तुला आकडे येत नाहीत का? समोर पाच माणसं दिसत नाहीत? सगळ्या मंडळाचं नाक कापलंस." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आता सर बोलतील, म्हणून वाट पाहिल्यासारखं. त्या गोंगाटात माझी हाक फक्त त्यालाच ऐकू गेली होती, हे मला ठाऊक होतं. मी बाहेर द्राक्षबागांकडे बघत राहिलो.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

आपण होऊन त्याने तो दोष अंगावर घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

त्यानंतर त्याला नावच पडलं, बोनस. दिवाळी आली की सातपूरच्या कारखान्यांतली पोरं गल्लीत अडवून विचारायची, "काय बोनस, आमचा कधी होणार?" तोही हसायचा. हे चिडवणं एक वेळ चाललं असतं. पण त्या चढाईने त्याच्यावर एक शिक्का बसला: हुशार आहे, पण ऐनवेळी डोकं चालत नाही. लीगमध्ये त्याला घेतलं तेही उशिरा, राखीव म्हणून. मधल्या वेळात उतरवायचे, तो गुण आणायचा, आणि सामना रंगात आला की बसवायचे. मी टीव्हीसमोर बसून पाहायचो. शेवटची मिनिटं सुरू झाली की कॅमेरा कधीतरी बाकावरून फिरायचा. गुडघ्यावर टॉवेल टाकून तो मैदानातले खेळाडू बोटांवर मोजत असायचा. माझी बायको म्हणायची, "तुमचा विद्यार्थी खेळत असताना तुम्ही असे घामाघूम का होता हो?" मी म्हणायचो, काळजी वाटते.

माझं मात्र बरं चाललं. जिल्ह्यात मी जाणकार समजला जाऊ लागलो. पंचांच्या शिबिरात बोनसचा नियम शिकवायला मलाच बोलावतात. "आधी माणसं मोजा," मी फळ्यासमोर उभा राहून सांगतो. एवढ्या वर्षांत एकदाही माझी जीभ अडखळली नाही.

गुडघा गेल्यावर त्याचा खेळ संपला. पिंपळगावला एका शीतगृहात तो देखरेखीचं काम करतो. द्राक्षांच्या पेट्या आत-बाहेर होताना उभं राहायचं. या वर्षी मंडळाने पंचवटीतल्या सभागृहात मॅट टाकली आणि मुलींचा संघ करायचं ठरवलं. प्रशिक्षक हवा होता. त्याने अर्ज केला आणि मला फोन केला. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"सर, तिथे तुमचा शब्द चालतो. एकदा टाका. मला परत मॅटवर यायचंय."

"बघतो ना," मी म्हणालो.

पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मलाच विचारलं. "सर, तुम्ही त्याला लहानपणापासून पाहिलंय. त्याची सगळी कारकीर्द तराजूत घाला आणि सांगा."

मी घातली. हात कसा हलका, दम किती मोठा, हरलेल्या सामन्यातही वाद न घालणारा. सगळं खरं सांगितलं. मग म्हणालो, "खेळाडू म्हणून मोठाच. पण..."

का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. त्या "पण"च्या पुढे काही म्हणायचं नव्हतं, पण इतकी वर्षं लोक त्याचं नाव घेतल्यावर जिथे थांबतात, तिथेच मीही थांबलो. खजिनदारांना ओझरकडचा दुसरा माणूस हवा होता. त्यांनी माझं वाक्य पुरं केलं. "पण मोजता येत नाही! अण्णा, पोरी घेऊन जाईल आणि पाचाला सहा म्हणत घेऊन येईल." सगळे हसले. मीही हसलो. टेम्पोत गप्प बसलो होतो, ती भीती होती असं म्हणता येईल. या हसण्याला मला नाव सापडत नाही.

ठरलं असं की रविवारी सकाळी दोघांनीही समितीसमोर मुलींचा तासभर सराव घ्यायचा आणि तिथेच निर्णय करायचा.

ओझरच्या माणसाचा सराव शिस्तीत झाला. मग हा उतरला. गुडघ्याला पट्टा होता. एका मुलीला त्याने चढाईला पाठवलं, समोर पाच जणी उभ्या केल्या आणि सहावीला शेवटच्या रेषेबाहेर नुसतंच उभं केलं. मी खुर्चीत ताठ झालो. शिकवताना कधी अशी मांडणी कुणी करत नाही. चढाईची मुलगी गोंधळली, घाईत बोनस रेषा ओलांडून परत आली आणि बाकीच्या खिदळल्या.

"हसू नका," तो म्हणाला. "ताई, तू आत आहेस, तुला समोरचे हात दिसतात. मागे कोण खरी आणि कोण खोटी, ते बाहेरचीला दिसतं. म्हणून बाहेरून हाक आली की ऐकायची."

"आणि तिने चुकीचं सांगितलं तर?" मुलीने विचारलं.

खजिनदार माझ्या कानाशी कुजबुजले, "बघा, स्वतःच विषय काढला."

आमच्याकडे त्याची पाठ होती.

"तरी ऐकायची. बाहेरची तुझीच आहे ना? एकदा चुकेल. पण तू ऐकायचं सोडलंस, तर आत तू एकटी."

सराव संपला. आम्ही बाजूच्या खोलीत चहाला बसलो. दार उघडंच होतं. मॅटवर मुली पाणी पीत होत्या आणि तो खाली बसून पट्टा सोडत होता. अण्णा म्हणाले, "शिकवतो छान. पण मुलींचे पालक विचारणार, हा तोच ना? काय सर, शेवटचा शब्द तुमचा."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. पुन्हा "पण" म्हणणं किती सोपं होतं. पंचांची शिबिरं, शाळेतला मान, सगळं त्या एका शब्दामागे सुरक्षित होतं.

"अण्णा, त्या दिवशी त्याने मोजलं नव्हतं," मी म्हणालो. "मी मोजलं होतं. बाद झालेला गडीही मी मोजणीत धरला. बोनस घे म्हणून मी ओरडलो. तो माझं ऐकून गेला."

खजिनदार म्हणाले, "आता त्याला वाचवायला काहीही सांगताय, सर."

"त्याला वाचवायचं असतं तर टेम्पोत बोललो असतो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेतून मी उतरलो, ते मला दिसलं. "आणि परवा इथे बसून हसलात," ते म्हणाले. मग खजिनदारांकडे वळून: "त्याला सांगा, सोमवारपासून या म्हणावं. आणि सर, संघ निवडायला या वेळी तुम्ही नका बसू." मी मान हलवली. तेही बरोबरच होतं.

मी बाहेर मॅटवर गेलो. चपला काढायचं विसरलो होतो, एका मुलीने टोकलं, "सर, चपला!" मी त्या काढून हातात घेतल्या. त्याने सगळं ऐकलं होतं. पट्ट्याची गुंडाळी करत तो खालीच बसून राहिला.

"कशाला सांगितलंत सर?" तो म्हणाला. "जुनं झालं होतं."

"तू का नाही सांगितलंस कधी?"

त्याने खांदे उडवले. "मला पाचच दिसले होते. थांबलो होतो ना एक क्षण? पण तुमची हाक आली. म्हटलं, सरांना मागचा दिसत असेल."

म्हणजे त्याने बरोबर मोजलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की चूक माझी आणि गफलत त्याची. निदान त्याने पाहायला हवं होतं, एवढा आधार मी स्वतःला देत आलो होतो. त्याने पाहिलं होतं. पाहिलेलं बाजूला ठेवून त्याने माझं ऐकलं होतं.

मुली ऐकत होत्या. अण्णा दारात उभे होते. चपला हातात घेऊनच मी त्याच्यासमोर मॅटवर बसलो, कारण उभं राहून ते बोलता आलं नसतं.

"पाचच होते," मी म्हणालो. "तुझं बरोबर होतं. मी चुकीचं ओरडलो, टेम्पोत तोंड फिरवलं आणि परवा सगळ्यांबरोबर हसलो. तिन्हीसाठी मला माफ कर."