सरपंचाची शिकवणी

लातुरात शिकवणीवर विश्वास नसलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. पण कुत्र्याला शिकवणी लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे घरमालक. आम्ही पोरं त्यांना अप्पा म्हणायचो. हिमायतनगरकडच्या खेड्यातून मी अकरावीला लातूरला आलो, तेव्हा आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. खोली बघायला गेलो तर अप्पांनी ना टक्के विचारले, ना जात. "कुत्र्याला भेत न्हाईस ना? मग ऱ्हा," म्हणाले. एवढीच त्यांची प्रवेश परीक्षा.

अप्पांचं कापडाचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात मापाची टेप, आणि तोंडात आम्हा भाडेकरू पोरांकडून उचललेले शब्द. स्वतः सातवीनंतर शाळेकडे फिरकले नव्हते, पण भाषा पक्की क्लासवाल्यांची. दुकानात गर्दी झाली की "आज बॅच मोठी हाय" म्हणायचे. काकूंनी सकाळचीच भाजी संध्याकाळी वाढली, की "रिव्हिजन चालू हाय का?" असं विचारून बोलणी खायचे. आणि रस्त्यात कुणी भेटलं की माझी ओळख "हे आमचे डॉक्टर" अशी करून द्यायचे. तेव्हा माझी बारावीसुद्धा झालेली नव्हती. त्या शब्दानं मला घाम फुटायचा, पण अभ्यासही व्हायचा.

एका बाबतीत मात्र अप्पांची थट्टा चालत नसे. भूकंप झाल्यापासून ते छताखाली झोपले नव्हते. थंडी असो की पाऊस, त्यांची बाज अंगणात. फार तर वर ताडपत्री. आणि बाजेखाली सरपंच, म्हणजे त्यांचा कुत्रा. भूकंपानंतर मदतीचे कपडे घेऊन अप्पा औशाच्या पलीकडे गेले होते, तेव्हा मागे लागून टेम्पोत चढलेलं हे पिल्लू. घरी आणल्यावर एका संध्याकाळी ते केकाटलं आणि लगेच जमीन हलली, असं अप्पा सांगत. आधी जमीन हलली आणि मग ते केकाटलं, असं काकू सांगत. खरं काय ते देव जाणे, पण अप्पांची झोप त्या केकाटण्याच्या भरवशावर होती. सरपंच आधी उठवणार, म्हणून ते झोपत.

मी गेलो तेव्हा सरपंच म्हातारा झाला होता. कान गेले होते, डोळ्यांवर साय आली होती. लग्नाची वरात दारावरून वाजत गेली तरी तो पाय ताणून पडलेला. मग अप्पा रात्री कूस बदलत राहू लागले. शेवटी त्यांना लातूरकराला सुचावा तोच उपाय सुचला. सरपंचाची विद्या त्याच्याबरोबर जाता कामा नये, कुणीतरी ती शिकून घेतली पाहिजे. ओळखीच्या गुऱ्हाळातून त्यांनी एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं मेरिट.

मेरिट पहिल्या सकाळी सरपंचाच्या कानाला लोंबकळलं, दुपारी त्याच्या ताटलीत चारी पाय घालून जेवलं आणि संध्याकाळी शेपटीवर आलं. सरपंच गुरगुरला की अप्पा त्यालाच रागवत, गुरुजीनं असं वागावं का म्हणून. मग दोघांना मानेला धरून समोरासमोर बसवत. सरपंच तोंड फिरवी, मेरिट त्या तोंडाला चावे. अखेर सरपंचानं भाकरी सोडली, अंगणही सोडलं आणि गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या जीपखाली जाऊन बसला. अप्पा रात्रभर बाजेवर बसून. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला सदऱ्याऐवजी परकराचं कापड फाडून दिलं.

तेव्हा काकू बोलल्या. "त्याला गुरगुरू द्या की. तुम्ही दुकानात गिऱ्हाइकावर गुरगुरता, तवा मी येते का मधी?"

दुधातली भाकरी दाखवत त्यांनी सरपंचाला जीपखालून परत आणलं, आणि त्या दिवसापासून शिकवणी काकूंच्या ताब्यात गेली. भाकरी आधी सरपंचाला, तीही वेगळ्या कोपऱ्यात. त्याचं होईपर्यंत मेरिट दोरीला. हाक आधी सरपंचाला, कुरवाळणं आधी सरपंचाला. सकाळी दोघांना मोकळ्या माळावर न्यायचं, कारण तिथं जागा कुणाच्याच मालकीची नाही. सरपंच अप्पांबरोबर संथ चाले आणि मेरिट मला ओढत त्यांच्याभोवती रिंगण घाले. परत येईपर्यंत चावायची ताकद मेरिटला उरत नसे आणि मला गणिताची.

एकदा दोरी सुटून मेरिट ताटलीपाशी गेलं. सरपंचानं हवेत दात वाजवले. अप्पा उठले, काकूंनी त्यांच्या धोतराचा सोगा धरून बसवलं. मेरिट उताणं झालं, थोडा वेळ तसंच राहिलं, मग सरकत सरकत जाऊन त्यानं म्हाताऱ्याच्या पाठीवर हनुवटी टेकली. सरपंचानं एक मोठा सुस्कारा सोडला आणि चालू दिलं.

अप्पांना वाटलं, विद्या चालली. मेरिट शिकत होतंच: सावली सरकेल तसं सरकायचं, फाटक वाजलं तरी उठायचं नाही, भाकरी दुधात मऊ होईपर्यंत थांबायचं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी भांडी खणखणली. हलका धक्का होता. आम्ही पोरं पुस्तकांसकट अंगणात धावलो. अप्पा दुकानातून अनवाणी पळत आले. पाहतात तर बाजेखाली गुरू आणि शिष्य गाढ झोपलेले, एकाच्या पोटावर दुसऱ्याचं तोंड. अप्पा कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ह्या माणसाला कधीच झोप लागणार नाही.

"दोघंबी नापास," ते हळूच म्हणाले. आमच्यापैकी कुणी हसलं नाही. मग ते स्वतःच हसले, डोळे पुसत हसत राहिले.

संध्याकाळी गारठा वाढला. काकूंनी पुढच्या खोलीत पोतं अंथरलं. सरपंच कुरकुरत्या सांध्यांनी आत गेला, त्याच्यामागे मेरिट. अप्पा बाहेर बाजेवर एकटे बसलेले मला दिसले, तेवढं बघून मी अभ्यासाला वळलो.

पहाटे क्लासला निघालो तर बाज रिकामी. दाराशी गेलो, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलेत."

दोघंही का, असं मी विचारलं.

"तिघंबी," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. आतून घोरणं ऐकू येत होतं. घरातलं ते घोरणं काकू डोळे मिटून, गाणं ऐकावं तशा ऐकत होत्या. मी चपला हातात घेतल्या आणि फाटक न वाजवता बाहेर पडलो.